उरणची गाडी

दवाखान्याबाहेरच्या बाकावर सुरैय्या नव्हती.

"सत्यवती, मघाची पेशंट कुठंय?" डॉ. रेवानं दारातूनच नर्सला विचारलं.

"गेली, मॅडम. मी म्हटलं, इंजेक्शननंतर अर्धा तास बसायचं असतं. तर म्हणे, दर वेळी बसते, काही होत नाही, उरणची गाडी चुकेल. तळव्यांना खाज सुटली होती, हात धुतले आणि..."

पुढचं रेवानं ऐकलंच नाही. धुळीच्या ॲलर्जीवरची लस. डोस आजच वाढवला होता, आणि खाज म्हणजे रिॲक्शनची पहिली खूण. त्यावरच्या ॲड्रेनलिनची कुपी आणि सिरिंज मुठीत घेऊन, आतल्या पेशंटला तसंच टाकून ती पळत सुटली.

स्टँडवर उरणची गाडी निघायच्या बेतात होती. दार लागलं होतं. रेवानं पत्र्यावर धडाधडा थापा मारल्या. "थांबवा! माझी पेशंट आहे आत!"

दार उघडलं. सुरैय्या मागच्या सीटवर खिडकीचा गज धरून बसली होती. ओठ सुजलेले, नजर हरवलेली. श्वासाला शिट्टी लागली होती.

"गाडी लागली हिला," शेजारची कोळीण म्हणाली. "लिंबू हाय का कोनाकडं?"

कुपी फोडताना काच रेवाच्या बोटात घुसली. बुरख्याची घट्ट बाही वर सरकेना. तिनं कापडावरूनच मांडीत सुई खुपसली.

"बाई, टायम झाला गाडीचा," कंडक्टर म्हणाला.

"हिला श्वास घेऊ दे आधी!"

कंडक्टरनं घंटीची दोरी सोडली. रेवाच्या बोटांखाली नाडी धाग्यासारखी पळत होती. दुसरी कुपी आपण आणलेली नाही, हे तिला आत्ता आठवलं.

बऱ्याच वेळानं श्वासातली शिट्टी विरली. सुरैय्यानं डोळे उघडले, रेवाला ओळखलं.

कोळणीनं आणि रेवानं तिला धरून खाली उतरवलं, बाकावर बसवलं. कंडक्टर रिक्षा बघायला धावला. तो परतला, रिक्षा उभी राहिली, आणि मग गाडी हलली. सुरैय्या वळणापर्यंत त्या गाडीकडे बघत राहिली.

रेवानं रक्ताळलेलं बोट रुमालात गुंडाळलं. "जीव गेला असता तुमचा! एवढी कसली घाई?"

"आज जुम्मा. दर शुक्रवारी शेजाऱ्यांकडं आमच्या यांचा फोन येतो, कुवेतहून." आवाज फाटका, घोगरा निघाला. स्वतःचाच तो आवाज ऐकून सुरैय्या दचकली. तिनं गळ्यावर हात ठेवला.

"बरं झालं गाडी गेली, डॉक्टर," ती हळूच म्हणाली. "हा आवाज ऐकून ते तिकडं जेवले नसते."