हाताच्या अंतरावर

पृथ्वीराज जर्मनीत नोकरीला होता. गडहिंग्लजला अंथरुणाला खिळलेल्या आईच्या खोलीत त्याने चारी कोपऱ्यांत कॅमेरे बसवून घेतले होते. तिकडे डोळ्यांवर हेडसेट चढवला की अख्खी खोली त्याच्याभोवती जशीच्या तशी उभी राहायची. तो रोज आईच्या कॉटला लागून बसायचा आणि उशाजवळच्या स्पीकरमधून तिच्याशी गप्पा मारायचा. नजर गेलेल्या आईला, आक्काताईला, वाटायचं, पोरगा खरंच घरी आलाय.

त्या दुपारी बहीण मनाली औषधं आणायला गेली होती. बोलता बोलता आईला एकाएकी धाप लागली.

"पृथ्वी, पाणी दे की रं."

तांब्या शेजारच्या स्टुलावरच होता. पृथ्वीराजने झटकन हात घातला. बोटं तांब्यातून आरपार गेली.

त्याने मनालीला फोन लावला. तिचा फोन आईच्या खोलीतच, फळीवर चार्जिंगला लावलेला, वाजायला लागला.

"कोण हाय का तिथं? आईला पाणी द्या कुणीतरी!" तो ओरडत राहिला. दार बंद होतं.

"देतूस न्हवं?" आईने हात पुढे केला. तो हात हळूहळू खाली आला, तोवर पृथ्वीराज तिच्या चेहऱ्यासमोर बसून सगळं बघत होता.

संध्याकाळी मातीला आलेल्या शेजारणीने मनालीला पोटाशी धरलं. पृथ्वीराजने हेडसेट अजून काढला नव्हता. त्याला तिचं बोलणं अगदी कानाशी ऐकू आलं.



"रडू नगंस, पोरी. आक्काताई नशिबाची. जीव जाताना लेक उशाला हुता की!"