चादरीचे दहा गुण

"चहाला चार. पंचतारांकित हॉटेलात कपसुद्धा आधी गरम करतात. पोहण्याच्या तलावाला तीन. हॉटेलातला तलाव असा हलत नाही!"

जहाजावरची शेवटची सकाळ होती आणि जावईबापू अभिप्रायाचा फॉर्म भरत होते. केबिन आवरणारा गोव्याचा कैतान कंबर धरून दारात उभा होता. केबिनला दहातला एक जरी गुण कमी पडला, तर त्याचं पुढचं कंत्राट जाणार होतं.

"जरा हात सैल सोडा, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुम्ही हॉटेलात तीस वर्षं नुसत्या चादरी घातल्यात, झोपलात कुठे?"

जावईबापूंनी पलंगावरून हात फिरवला आणि ते थबकले. "एक सुरकुती नाही! कोपरे तर पाकिटासारखे. हे कुठल्याच हॉटेलला जमायचं नाही. केबिनला दहा!"

सही ठोकून ते नाश्त्याला गेले. कैताननं हात जोडले.

"मावशी, माझी कंबर धरली तेव्हापासून चादरी रोज तुम्हीच घातल्यात."

"हॉटेलात कुणी वळूनसुद्धा बघितलं नव्हतं रे," उशी थोपटत सासूबाई म्हणाल्या. "दहा गुण पडायला समुद्रात यावं लागलं."