टाचण्यांची उशी

आईचा उजवा खांदा इतका आखडला होता की केस विंचरायलाही हात वर जात नव्हता. आज ॲक्युपंक्चरची पहिलीच वेळ. डॉक्टरांनी केसासारख्या बारीक सुया टोचल्या, त्या मात्र डाव्या हातात.

"फाटलंय इकडे आणि शिवताय तिकडे?" आई म्हणाली. सगळा जन्म शिवणकामात गेलेला. सुईच्या बाबतीत ती कुणाचं ऐकून घ्यायची नाही.

"यात असंच असतं, आजी. हात जड वाटेल, मुंग्या येतील, मग छान डोळा लागेल. फक्त हलू नका," डॉक्टर हसून म्हणाले आणि बाहेर गेले.

तिला खरंच डुलकी लागली. मी तिच्या डाव्या बाजूला बसून होते. लहानपणी अशीच मशीनशेजारी बसायचे. फिटिंग झालं की ती कपड्यातल्या टाचण्या काढायची आणि न बघताच माझ्या फुग्याच्या बाहीत खोचायची.

एकदम माझी बाही ओढल्यासारखी झाली. डोळे अर्धवट मिटलेलेच, आणि आई हातातल्या सुया एकेक करून काढत होती, माझ्या बाहीत खोचत होती.

"हलू नकोस गं, टोचेल," ती पुटपुटली.

तेवढ्यात डॉक्टर आत आले. "अहो, बघताय काय? थांबवा त्यांना!"

मी जागची हलले नाही. माझ्या खांद्यापर्यंत येत होता, तो आईचा उजवा हात होता.