पोटावरची रेघ

आतडं अडकल्याचा संशय होता. सिस्टर दर दोन तासांनी आजोबांच्या पोटाचा घेर टेपनं मोजत होती. जागा चुकू नये म्हणून तिनं फुगीर ठिकाणी पेनानं रेघ मारली होती. मघाशी ब्याण्णव सेंटिमीटर भरला होता, आता अठ्ठ्याऐंशी. “उतरतंय बघा!” आजी हरखल्या. “मग घोटभर पाणी द्या की,” आजोबा कण्हले. सिस्टर मात्र चक्रावली. आकडा उतरला, पण पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं आणि नाकातल्या नळीतून हिरवं पाणी चालूच. टेपवर विश्वास ठेवायचा की डोळ्यांवर? तेवढ्यात दिसलं, रेघ काळी होती, तिच्या खिशातलं पेन निळं. “अंग पुसताना गेली हो,” आजी ओशाळल्या. “तुम्ही ओरडाल म्हणून मीच अंदाजानं काढली.” सिस्टरनं टेप फुगवट्यावर सरकवली. सत्त्याण्णव. डॉक्टरांना बोलवायला ती फोनकडे धावली, मागोमाग आजी. “अहो, पण अठ्ठ्याऐंशीचा आकडाही ह्यांच्याच पोटाचा ना?”