घरची काडतुसं

हरणावर गोळी झाडणं कर्टिसच्या जिवावर यायचं. पण विस्कॉन्सिनच्या त्या शिकारी घराण्याचा जावई होऊन हे बोलायची सोय नव्हती. म्हणून दर नोव्हेंबरात तो मुद्दाम नेम चुकवायचा आणि खापर दुकानातल्या काडतुसांवर फोडायचा.

त्याचे सासरे, ग्लेन, मायाळू माणूस. त्यांनी ते मनावर घेतलं.

"आपण घरीच भरू काडतुसं. तुझ्या बंदुकीला काय पचतं ते बघू."

उन्हाळाभर दोघं तळघरात बसले. बंदुकीची दारू कणाकणाने तोलायची, काडतुसं भरायची, मागच्या शेतात झाडून बघायची, की पुन्हा खाली. शेवटी एक माप असं जमलं की निशाण्याच्या कागदावर झाडलेल्या तिन्ही गोळ्या एकाच भोकातून गेल्या. ग्लेननी तो कागद कौतुकाने फ्रिजवर चिकटवला.

"आता कुणाच्या नावाने खडे फोडणार, दाजी?" मेव्हण्याने विचारलं.

शिकारीच्या आदल्या संध्याकाळी कुणी बघत नाहीसं पाहून कर्टिसने बंदुकीवरच्या दुर्बिणीची नेम जुळवायची चकती फिरवून ठेवली. गोळी हरणाच्या आसपासही जाणार नाही इतकी.

सकाळी मचाणावर ग्लेन त्याला खेटूनच बसले. समोर हरण आलं. सासऱ्यांच्या देखत कर्टिसने अगदी मन लावून, निर्धास्तपणे नेम धरला.

हरण जागच्या जागी कोसळलं.

ग्लेननी त्याच्या पाठीवर थाप मारली. "निघताना माझं लक्ष गेलं म्हणून बरं. तुझ्या दुर्बिणीची चकती खुणेवरून सरकली होती. मी आणली जागेवर."