आला की नेला

"पुन्हा म्हन," गुलाबराव म्हणाला.

सारिका भिंतीशी सरळ उभी राहिली. वक्तृत्वात तालुक्यातून पहिली आलेली पोरगी ती. हात मागे बांधल्याशिवाय तिला पाठ केलेलं आठवतच नसे.

"म्या प्रसेनजितले मेसेज टाकून बलावलं. मंग त्याले विहिरीवर नेलं..."

"आला!" गुलाबरावाने कपाळावर हात मारून घेतला. तो तिचा काका. मोताळ्याला तहसीलबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायचा, म्हणून घरातला वकील तोच. "अवं, आला म्हन. नेलं म्हटलं का अपहरनाचं कलम लागते. सोताच्या पायानं आला, तर नुसता खून. एका शब्दाचा खेळ हाये हा."

"पन नेलंच होतं ना काका. दादानं अन् त्याच्या दोस्तायनं. गाडीवर मधात बसवून. अख्ख्या फाट्यानं पाह्यलं."

"फाट्यावर कोनीच काई पाह्यलं नाई. म्या इचारून आलो."

तिचा दादा कुलदीप खाटेवर पालथा पडून मोबाइल बघत होता. सारिकाचं ज्याच्यावर मन होतं त्या प्रसेनजितला फाट्यावर बोलावणारा मेसेज त्यानेच टाकला होता, सारिकाच्या फोनवरून. काल दुपारी विहिरीतून प्रेत निघालं. संध्याकाळी सहाला पोलीस घरी येणार होते.

"अन् नाव घेऊ नको त्याचं," तो मान वर न करता म्हणाला. "तो पोरगा म्हन."

"तो पोरगा आला," सारिका म्हणाली. "आमचं भांडन झालं. म्या त्याले ढकललं. त्याले पवता येत नव्हतं." ती थांबली. "पवता येत नव्हतं हे तुले कसं माहीत, असं इचारलं तर?"

"सांगजो, तोच सांगत होता." कुलदीप हसला. "धा खेप सांगे बे."

गुलाबरावही हसला. मग उकंडरावाकडे, सारिकाच्या बापाकडे पाहून त्याने खाकरल्यासारखं केलं.

मधल्या दारात बसून पुष्पाबाई लेकीची पिशवी भरत होती. दोन ड्रेस, टॉवेल, तेलाची बाटली. तिने निळा स्वेटर उचलला.

"स्वेटर कायले, वहिनी?" गुलाबराव म्हणाला. "पोरगी अजून सतराचीबी नाई. निरीक्षणगृहात ठेवतीन. दिवाळीच्या आत जामीन. पेपरात नाव नाई, फोटो नाई. कुलदीप गेला तं जलमठेप, वहिनी. जलमठेप!"

पुष्पाबाईने स्वेटर खाली ठेवला.

"फक्त वयाचा कागद पायजे. शाळेचा दाखला. कोर्ट त्यालेच मानते, बाकी कोनी काई सांगो."

"आनते," म्हणत सारिका उडी मारल्यासारखी आत गेली. सकाळपासून ती या एकाच वाक्याची वाट पाहत होती. त्यासाठीच तर सगळ्याला हो म्हटलं होतं, एकदाही न रडता. बारावीचा फॉर्म तिने स्वतः भरला होता. दाखल्यावर काय आहे, ते घरात तिलाच माहीत होतं.

गुलाबरावाने दाखला उजेडात धरला. ओठ हलवत वाचला. बोटं मोजली. पुन्हा मोजली.

"एक जून दोन हजार सात? अठरा झाले की हो हिले. वर एक महिना."

"ही तं पोळ्याची," उकंडराव म्हणाला. "आठ सालची."

"मंग हे कोनं लेहलं?"

उकंडरावाला आठवायला वेळ लागला नाही. कुलदीप शाळेत एकटा बसायचा नाही, वर्गात रडायचा. सोबतीला धाकटीला बसवा, वय वाढवून लिहितो, म्हणाले होते गुरुजी. त्यानेच अंगठा दिला होता.

"कागदावर अठरा म्हंजे अठरा," गुलाबराव हळू आवाजात म्हणाला. "आता हिले मोठ्या मानसावानीच धरतीन. निरीक्षणगृह नाई. सरळ जेल."

कुलदीप उठून बसला. पहिल्यांदाच त्याने मोबाइल बाजूला ठेवला. "मंग?"

आता तरी हे थांबवेल म्हणून सारिका बापाकडे बघत होती. आतापर्यंत अडवून धरलेलं हसू तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. उकंडरावाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग कुलदीपकडे. कुलदीपकडे जास्त वेळ पाहिलं. मग त्याने दाखला गुलाबरावाच्या हातातून घेतला आणि घडीवर घडी घालत बसला. घडी आणखी लहान होईना तेव्हा तो बोलला.

"पुन्हा म्हन, सारिका. पह्यलेपासून."

ती हललीच नाही.

"हात मांगं बांध," तो म्हणाला.

मधल्या दारात पुष्पाबाईने पिशवीची गाठ सोडली आणि स्वेटर आत कोंबला.