वायव्येचं दार

"दार वायव्येला?" ड्वेननं पेन्सिल खाली ठेवली. "सेल्मर, तुमचा जन्म याच गावात गेला ना?"

सेल्मरनं मान हलवली आणि कॉफीचा घोट घेतला. टेबलावर गॅरेजचा नकाशा पसरला होता. घरापासून सुटं, एका गाडीपुरतं, साधं गॅरेज. त्याची बायको आर्लिस सिंकपाशी बशा पुसत होती. पुसलेलीच बशी ती पुन्हा पुसत होती, कारण तिचे कान टेबलाकडे होते.

ड्वेननं आजूबाजूच्या गावांत पुष्कळ गॅरेजं बांधली होती. त्यांतल्या एकाचंही तोंड वायव्येला नव्हतं. नॉर्थ डकोटाच्या या सपाट मुलखात हिवाळ्याचा वारा तिकडूनच येतो आणि वाटेतल्या शेतांवरचा सगळा बर्फ बरोबर घेऊन येतो. तिकडे दार ठेवायचं म्हणजे दर वादळानंतर दारात छातीएवढा ढीग. ड्वेननं हे अदबीनं समजावून सांगितलं. शिवाय रस्ता दक्षिणेला. गाडी वळसा घालून आत न्यायची तर काँक्रीट वाढणार, आणि ठरलेल्या रकमेत ते बसणारं नव्हतं.

सेल्मर म्हणाला, खिडकी नको. भिंतीतलं इन्सुलेशनही नको. ड्वेननं आकडे पुन्हा मांडले. तरी जमेना.

"मग बर्फ फेकायचं मशीन विकतो," सेल्मर म्हणाला. "जवळजवळ नवंच आहे."

ड्वेननं आर्लिसकडे पाहिलं. म्हातारा ठिकाणावर आहे ना, असं त्याला विचारायचं होतं. आर्लिसनं नुसते खांदे उडवले.

तिला स्वतःलाच काही उमजत नव्हतं. या माणसानं पुढचा विचार केल्याशिवाय आयुष्यात भिंतीत खिळा ठोकला नव्हता. वसंतात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि फावड्याला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मशीन विकलं तर बर्फ कोण काढणार? ड्वेन गेल्यावर ती खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि वायव्येला आहे तरी काय, ते बघू लागली. मोकळं शेत, आणि शेतापलीकडे हार्लनचं घर.

हार्लन म्हणजे सेल्मरचा धाकटा भाऊ. बापाच्या जमिनीच्या वाटण्या झाल्या, त्यात ट्रॅक्टरवरून दोघांची जुंपली, आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं. हार्लनची बायको गेली तेव्हा सेल्मर चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला आणि प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात सगळ्यांना देतात ती कॉफी न घेताच निघून आला. त्या गावात कॉफी न घेता जाणं म्हणजे न येण्यासारखंच. सेल्मरच्या ऑपरेशनच्या वेळी आर्लिसला दाराबाहेर पायरीवर ओव्हनमधून काढलेल्या गरम कॅसरोलचं, घरच्या जेवणाचं भांडं सापडलं होतं. चिठ्ठी नव्हती, पण भांडं तिनं ओळखलं. घासून पुसून तिनं ते हार्लनच्या पायरीवर नेऊन ठेवलं. दोघांचीही सत्तरी उलटली होती. माफी हा शब्द दोघांच्याही तोंडातून निघणारा नव्हता. यातला एक असाच गेला तर दुसऱ्याला उरलेलं आयुष्य जड जाईल, या विचारानं आर्लिसचा जीव तुटायचा. आणि हा बाबा त्या भावाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर गॅरेजचं दार काढत होता.

"त्याला डिवचायला चाललंय का हे?" जेवताना तिनं विचारलंच.

"नाही," सेल्मर म्हणाला आणि बटाटे पुढे ओढले.

उन्हाळ्यात गॅरेज उभं राहिलं. कॅफेत लोकांना आयताच विषय मिळाला. सेल्मर आता वाऱ्यालाच गाडी चालवायला देणार म्हणे, असं कुणीतरी म्हणालं. सेल्मरही हसला. मशीन शेजारच्या गावातल्या एकानं नेलं. खरंच विकायचंय ना, हे जाताना त्यानं दोनदा विचारून घेतलं.

डिसेंबरात पहिलं मोठं वादळ आलं. सकाळी आभाळ निवळलं तेव्हा गॅरेजचं दार मुठीपर्यंत गाडलं गेलं होतं आणि गाडी आत अडकली होती. आर्लिसला रडू येऊ लागलं. ती ड्वेनला फोन लावायला निघाली, तर सेल्मरनं तिचा हात धरला आणि थांब म्हणाला. त्यानं जाड कोट घातला, पण फावडं घेतलं नाही. तो खिडकीशी खुर्ची ओढून बसला. कोटाचं एकच बटण तो लावत आणि काढत राहिला. एवढं घाबरलेलं आर्लिसनं त्याला ऑपरेशनच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

त्या मुलखात एक रीत आहे. कुणाचं दार बर्फानं गाडलेलं दिसलं आणि आपल्याकडे मशीन असलं, तर विचारायचं नाही, बोलवायची वाट बघायची नाही. जायचं आणि दार मोकळं करायचं. तो माणूस वैरी असला तरी. न गेलेल्याला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

बराच वेळ शेत नुसतं पांढरं पडून होतं. मग पलीकडे मशीन घरघरलं. कानटोपी घातलेला हार्लन वाट कापत येत होता. वर न बघता तो गॅरेजपाशी आला आणि कामाला लागला. सेल्मर उठला, बाहेर गेला आणि थोड्या अंतरावर उभा राहिला. आर्लिस शाल गुंडाळून त्याच्या मागे गेली.

दार मोकळं झालं. हार्लननं मशीन बंद केलं. त्यानं आधी दाराकडे पाहिलं, मग वारा येतो त्या बाजूला, आणि शेवटी थोरल्या भावाकडे.

"अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस?" तो म्हणाला. "हे दार असंच राहिलं तर मला हिवाळाभर इथे यावं लागेल."

"हो," सेल्मर म्हणाला. "तेवढ्यासाठीच काँक्रीटचे पैसे जास्त भरले."